आठवड्याचं इंजेक्शन: पहिले चार महिने

वजन कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन पहिल्यांदा घेतल्यावर आठवडाभरात दोन तऱ्हेचे फोन येतात. एक, "काहीच फरक नाही, डोस वाढवून द्या." दुसरा, "कालपासून पाणीसुद्धा पोटात ठरत नाहीये, बंद करू का?" पुण्यात ही इंजेक्शनं सुरू करणाऱ्यांना इंजेक्शनचं पेन हातात देऊन शिकवणं, आहार बांधून देणं आणि पुढे हे फोन घेणं हे आमचं रोजचं काम. दोन्ही फोनवर आधी एकच गोष्ट सांगावी लागते: पहिला महिना वजनाचा नसतो, पोटाला सवय लावण्याचा असतो.

सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्ही या ब्रँडमधलं औषध, आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं. चार आठवड्यांनी ०.५, मग १, मग १.७ आणि शेवटी २.४. पूर्ण डोसपर्यंत पोचायलाच सोळा आठवडे जातात. टिर्झेपटाइड, म्हणजे मौंजारो, २.५ ने सुरू होतं, चार आठवड्यांनी ५ होतं, आणि पुढे गरज असेल तरच अडीच-अडीचच्या पायऱ्यांनी १५ पर्यंत जातं. प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे. सुरुवातीचा डोस वजन उतरवण्यासाठी ठरवलेलाच नाही. त्यावर एखाद-दोन किलो कमी झाले तर उत्तम, पण काटा हलला नाही म्हणून औषध फसलं असं होत नाही.

सेमाग्लुटाइडचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण आठवडा लागतो, टिर्झेपटाइडचा पाच दिवस. म्हणजे दुसरं इंजेक्शन घेताना पहिल्याचा जवळपास अर्धा भाग अजून आत असतो. औषध असं साठत साठत चार-पाच आठवड्यांनी एका पातळीवर स्थिरावतं. त्यामुळे परिणाम हळू दिसतो, आणि घाईने डोस वाढवून उलट्या सुरू झाल्या तर त्या एका दिवसात थांबतही नाहीत. शेजारच्या कुणाला ५ वर गुण आला म्हणून स्वतःच थेट ५ घेणारे लोक आहेत. सलाइन लावायची वेळ येते ती बहुतेक त्यांच्यावरच.

अपेक्षा किती ठेवायची हेही आकड्यांत सांगतो. सेमाग्लुटाइडच्या स्टेप १ या चाचणीत ६८ आठवड्यांनी सरासरी १४.९ टक्के वजन कमी झालं, नुसतं पाणी टोचलेल्या गटात २.४ टक्के. टिर्झेपटाइडच्या सरमाउंट १ मध्ये १५ मिलिग्रॅमवर ७२ आठवड्यांनी २०.९ टक्के. नव्वद किलोच्या माणसाचे १५ टक्के म्हणजे साडेतेरा किलो, तेही सव्वा वर्षाहून जास्त काळात. ही सरासरी आहे. काहींचं याहून बरंच जास्त उतरतं, काहींचं पाच टक्क्यांच्या पुढे सरकत नाही. लग्नाला दोन महिने राहिलेत म्हणून हे सुरू करायला येणाऱ्यांना आम्ही स्पष्ट नाही म्हणतो.

औषध काय करतं? जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते मेंदूला "पुरे" सांगतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि साखर वाढलेली असेल तर इन्सुलिन वाढवतं. शरीरातलं खरं संप्रेरक काही मिनिटांत संपतं. सेमाग्लुटाइड त्याचीच अशी नक्कल आहे की ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून आठवडाभर टिकते. टिर्झेपटाइड याच्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. यातली जठराची गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढच्या बहुतेक तक्रारी तिच्यातूनच येतात.

हे कुणाला द्यायचं याचा नियम असा: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त, अथवा २७ आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं) यासारखा त्रास. पण आपल्या लोकांच्या बाबतीत बीएमआय अर्धीच गोष्ट सांगतो, आणि हे जगाला दाखवून देण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून आम्ही वजनाइतकंच कमरेच्या मापाकडे बघतो. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलं की सावध. टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता. हे माप पहिल्या दिवशीच वहीत लिहा. काटा अडून बसतो त्या महिन्यांतही टेप सरकत असते.

सुरू करण्याआधी रक्ताच्या एवढ्या तपासण्या करून घ्या: उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड, लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी). शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ सुद्धा. मधुमेह असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आधी, कारण साखर झपाट्याने खाली आली की आधीची रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहाने पडद्याला झालेली इजा, काही काळ वाढू शकते. स्वतःला किंवा घरात रक्ताच्या नात्यात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर असेल, किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक आजार असेल, तर हे औषध घ्यायचं नाही. साधं हायपोथायरॉइड म्हणजे तो आजार नव्हे. थायरॉइडची गोळी चालू असणारे पुष्कळ जण उगाच घाबरतात. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर डॉक्टरांना विचारायची वाट न बघता आपणहून सांगा.

घरातल्या इतर गोळ्यांची पूर्ण यादी न्या. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांचा डोस बहुधा सुरुवातीलाच कमी करावा लागतो, नाहीतर साखर एकदम उतरून घाम, थरथर, चक्कर येते. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या मधुमेहाच्या गोळ्या या इंजेक्शनच्याच रस्त्यावर काम करतात, त्या सोबत चालू ठेवण्यात फायदा नाही. आपल्याकडे त्या बऱ्याचदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असतात, त्यामुळे पाकिटाच्या मागचं नाव वाचा. वजन उतरत गेलं की रक्तदाबाच्या गोळीचा डोसही जास्त व्हायला लागतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर बीपी मोजून कळवा.

बायकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोधसारखं दुसरं साधन वापरायचं. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असलेल्यांची पाळी वजन उतरल्यावर नियमित होऊ लागते आणि अनपेक्षित दिवस राहतात. दिवस राहावेत अशी इच्छा असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी आणि टिर्झेपटाइड किमान एक महिना आधी थांबवावं लागतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नाही.

आता खरेदी. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात कुप्यांमध्ये आलं, तेव्हा २.५ ची कुपी ३,५०० रुपये आणि ५ ची ४,३७५ रुपये होती. एक कुपी म्हणजे एक आठवडा, म्हणजे महिना चौदा ते साडेसतरा हजार. वेगोव्ही जून २०२५ मध्ये आलं. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच. अनेक कंपन्यांचं तेच औषध मिळू लागलं की भाव बदलतात, तसं पेनही बदलतं. दुकानदाराने दुसरा ब्रँड दिला तर औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि पेन वापरायची रीत, तिन्ही पुन्हा तपासा. बिल घ्या, बॅच नंबर आणि मुदत बघा. जिममधून, पार्लरमधून किंवा व्हॉट्सॲपवरून मिळणारी कुपी कितीही स्वस्त असो, घेऊ नका. आत काय आहे आणि ते वाटेत किती तापलं हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

घरी आणताना पुण्याचा उन्हाळा ध्यानात ठेवा. एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत अर्धा तास ठेवलेलं पेन चांगलंच तापतं. थर्मासच्या पिशवीत, बर्फाच्या जेलपॅकला कापडात गुंडाळून आणा; पॅक थेट पेनाला टेकू देऊ नका. फ्रिजमध्ये २ ते ८ अंश. जागा मधल्या कप्प्यात, पुढे. फ्रीझरखाली किंवा मागच्या भिंतीला टेकून ठेवलं तर गोठतं, आणि एकदा गोठलेलं औषध वितळल्यावर दिसायला ठीक असलं तरी टाकूनच द्यायचं. गुरुवारी देखभालीसाठी दोन-चार तास वीज गेली तर फ्रिजचं दार बंद ठेवा, काही बिघडत नाही. मौंजारोची न उघडलेली कुपी ३० अंशांच्या आत २१ दिवस बाहेर चालते, पण उन्हाळ्यात आपल्या खोलीचं तापमानच त्याच्या वर असतं. विमानात चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा आणि सोबत प्रिस्क्रिप्शन असू द्या.

टोचणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. पेन पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा, थंड औषध जास्त चुरचुरतं. द्रव स्वच्छ दिसला पाहिजे. गढूळ असेल, कण असतील तर वापरू नका. हात धुवा. बेंबीपासून दोन इंच सोडून पोटावर, किंवा मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागावर जागा निवडा. दंडावर घ्यायचं तर दुसऱ्या कुणीतरी द्यावं. स्पिरिट पूर्ण सुकू द्या, ओल्यावर टोचलं की झोंबतं. नवी सुई लावा, दोन्ही टोपणं काढा. मौंजारोच्या पेनमध्ये (क्विकपेन) दरवेळी आधी थोडं औषध हवेत सोडून सुई भरून घ्यावी लागते. वेगोव्हीच्या पेनमध्ये नवं पेन सुरू करताना थेंब येतो का ते बघायचं. हे न करणं ही सर्रास होणारी चूक, त्यात डोस कमी जातो. सुई सरळ आत, बटण शेवटपर्यंत दाबा, आकडा शून्यावर आल्यावरही मनात सहापर्यंत मोजा आणि मगच सुई बाहेर काढा. लगेच काढली की त्वचेवर थेंब ओघळतो, तो तुमचाच डोस. चोळू नका. रक्ताचा टिपूस आला तर कापूस नुसता दाबून धरा.

कुपी असेल तर सिरिंजकडे नीट बघा. आपल्याकडे लाल टोपणाची यू-४० (एका मिलिलिटरला ४० युनिटच्या खुणा) आणि केशरी टोपणाची यू-१०० (मिलिलिटरला १००), अशा दोन इन्सुलिन सिरिंज मिळतात आणि दुकानात हाताला येईल ती दिली जाते. मौंजारोच्या कुपीतला डोस ०.५ मिलिलिटर असतो. हेच माप यू-१०० वर ५० च्या खुणेला येतं आणि यू-४० वर २० च्या. "पन्नास युनिट" असं कुणी फोनवर सांगितलं आणि हातात लाल टोपण असलं की गोंधळ झालाच. त्यामुळे नेहमी मिलिलिटरमध्ये बोला.

वापरलेली सुई पेनवर ठेवून पेन फ्रिजमध्ये ठेवू नका; औषध गळतं, हवा शिरते, सुई बुजते. सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत जमवा, झाकणाला चिकटपट्टी लावून वर "सुया" असं ठळक लिहा आणि दवाखान्यात किंवा लॅबमध्ये घेतात का ते विचारून तिथे द्या. सुट्या सुया कचऱ्यात टाकल्या तर त्या सकाळी कचरा न्यायला दारात येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंच्या हातात घुसतात. एवढ्यावर आमच्याकडे तडजोड नाही.

वार कुठला? जेवणाशी संबंध नाही, वेळ कोणतीही चालते. मळमळ बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त असते, म्हणून कामावर जाणारे शुक्रवारी रात्री घेतात आणि शनिवार-रविवार घरात काढतात. ज्यांच्याकडे रविवारी पाहुण्यांचा राबता असतो, त्यांना सोमवार-मंगळवार बरा पडतो.

स्टेप १ मध्ये सेमाग्लुटाइड घेणाऱ्या सुमारे ४४ टक्के लोकांना कधी ना कधी मळमळ झाली, साधारण चौथ्या हिश्श्याला उलट्या आणि जवळपास तेवढ्यांनाच बद्धकोष्ठ. बहुतेकांचा त्रास सौम्य असतो, डोस वाढवला की पुन्हा डोकावतो आणि ओसरतो. पण त्यातला बराचसा आपल्या ताटावर अवलंबून असतो. जठर हळू रिकामं होतंय आणि हाताला सवय जुनी, तीन पोळ्यांची. पोट भरल्याचं कळेपर्यंत जास्त जेवण झालेलं असतं आणि दोन तासांनी ते तसंच वर येतं. म्हणून पहिल्या दिवसापासूनच वाढून घेतानाच निम्मं. वीस मिनिटं लावून जेवा. पहिली ढेकर किंवा छातीत दाटल्यासारखं वाटणं ही थांबायची खूण. ताटात दोन घास उरले तर उरू द्या. "टाकायचं नाही" या शिकवणीवर वाढलेल्या लोकांना हे फार जड जातं, म्हणून घ्यायचंच कमी.

तेल-तूप जठराला आणखी मंद करतं. इंजेक्शननंतरचे तीन दिवस कट घातलेली मिसळ, वडापाव, लोण्यातली पावभाजी, मस्तानी नको. उपाशीपोटी अमृततुल्यचा चहा अनेकांना आधी चालायचा, आता त्याने घशाशी येतं. आधी काहीतरी खा. मळमळत असेल तर पेज, मऊ भात-वरण, ताक, आल्याचा तुकडा, घोट घोट पाणी. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं पडू नका. मळमळीसाठी ऑन्डान्सेट्रॉन मिळतं, पण त्याने बद्धकोष्ठ वाढतं, म्हणून रोजची गोळी करू नका.

भूक गेली की तहानही जाते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी बाटली मोजून प्या. किडनीच्या किंवा हृदयाच्या आजारात पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून. इसबगोल घ्यायचं तर एक-दोन चमचे आणि सोबत भरून पेलाभर पाणी. पाणी कमी पडलं की तेच इसबगोल आत घट्ट होऊन बसतं. चार दिवस पोट साफ झालं नाही तर थांबू नका, रेचक लिहून घ्या.

आणि प्रथिनं. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याची असते. वजन उतरतं तेव्हा चरबीसोबत स्नायूही जातात, आणि आपल्या शाकाहारी ताटात मुळातच प्रथिनं कमी. साधारण ६० ते ८० ग्रॅम रोज लागतात. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. एक अंडं ६ ग्रॅम, पेलाभर दूध ८, शंभर ग्रॅम पनीर सुमारे १८, वाटीभर मटकीची उसळ ७-८, पंचवीस ग्रॅम कोरडे सोयाचे वडे १३. बेरीज करून बघा, घट्ट पिठलं आणि भाकरी खाऊनही साठपर्यंत पोचणं कठीण जातं. म्हणून जेवताना क्रम बदला: आधी उसळ, अंडं किंवा पनीर, मग भाजी, मग भाकरी, भात सगळ्यात शेवटी. भाताने सुरुवात केली तर उसळीपर्यंत पोचायच्या आतच पोट भरतं. उरलेली भर प्रथिनांच्या पावडरीने काढायला संकोच नको. टेकडी चढणं चांगलंच, पण सोबत आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर जोर, वजनं उचलणं हवं.

उपासाचं काय, हा प्रश्न आषाढी आणि नवरात्राच्या आधी हमखास येतो. साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्च आणि तूप, प्रथिनं जवळपास नाहीत, आणि पोटात दगडासारखी बसते. उपास करायचाच असेल तर दूध, दही, ताक, पनीर, थोडे दाणे, राजगिरा. निर्जळी उपास नको. साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर उपासच नको. गणपतीत एक उकडीचा मोदक जरूर खा, त्या जेवणातला भात सोडा. पंगतीतल्या आग्रहाला आधीच सांगून ठेवा: "पोटाचं औषध चालू आहे." एवढ्यावर लोक थांबतात.

वरच्या पोटात कळ येऊन पाठीत जात असेल, थांबत नसेल आणि उलट्या होत असतील, तर स्वादुपिंडाची सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा कावीळ आली तर पित्ताशय. चोवीस तास पाणी ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद झाली असेल, किंवा एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, तर रात्र न काढता थेट रुग्णालयात जा आणि कोणतं इंजेक्शन कधी घेतलं ते दारातच सांगा. ठरलेलं ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगणं आवश्यक आहे, कारण रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न असू शकतं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतात. वजन वेगाने उतरल्याने हे होतं आणि बहुतेकांचे काही महिन्यांत परत येतात. तेलं बदलत बसण्यापेक्षा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ताटातली प्रथिनं तपासा.

डोस चुकला तर: वेगोव्हीच्या पुढच्या डोसला दोन दिवसांपेक्षा जास्त वेळ असेल तर आठवेल तेव्हा घ्या, नाहीतर सोडा. मौंजारोला चुकलेल्या दिवसापासून चार दिवसांपर्यंतची मुभा आहे, त्यानंतर सोडा. दोन डोस एकत्र कधीही नाही. प्रवासात किंवा आजारपणात सलग दोन-तीन डोस गेले तर आधीच्याच आकड्यावर परत उडी मारू नका. पोटाची सवय मोडलेली असते, कदाचित खालच्या पायरीवरून सुरू करावं लागेल.

प्रत्येक वेळी वरची पायरी चढलीच पाहिजे असंही नाही. ५ वर भूक आटोक्यात आहे, त्रास नाही, महिन्याला दोन-तीन किलो उतरतायत, तर तिथेच राहा. खर्चही वाचतो.

खर्चाचा विचार मात्र पहिल्या इंजेक्शनच्या आधीच करा. स्टेप १ मधल्या लोकांनी औषध थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आला. भूक परत येते, तिचा आवाज पहिल्याइतकाच मोठा असतो. तीन महिन्यांचेच पैसे असतील तर तसं डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. मग औषध कोणतं, कोणत्या डोसपर्यंत, आणि थांबवताना साखरेच्या व बीपीच्या गोळ्या परत कशा वाढवायच्या, हे त्याच दिवशी कागदावर लिहून घेता येतं.